फेअरमाउंट वॉटर वर्क्स: बाग आधी झाली, पंप नंतर थांबले

'रॉकी' सिनेमात सिल्व्हेस्टर स्टॅलोन ज्या पायऱ्या धावत चढतो, त्या फिलाडेल्फियाच्या आर्ट म्युझियमच्या पायऱ्या. आजही पर्यटक त्या चढतात, वर जाऊन दोन्ही हात उंचावून फोटो काढतात आणि परत फिरतात. म्युझियमला वळसा घालून मागे नदीकडे उतरणारे त्या मानाने कमी. तुम्ही कधी गेलात तर नक्की उतरा. खाली स्कूलकिल नदीच्या काठाला ग्रीक देवळांसारख्या दिसणाऱ्या फिकट रंगाच्या इमारतींची रांग आहे, समोर नदीवर तिरका बांध आहे, फिरायला रुंद गच्ची आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की कुणा श्रीमंताचा बंगला असणार. तो शहराला पाणी देणारा कारखाना होता. आणि म्युझियम ज्या टेकडीवर उभं आहे, तिथे या कारखान्याचे साठवण तलाव होते. म्हणजे रॉकी चढतो ती टेकडी पाण्याचीच.

या जागेबद्दल कुठेही वाचा, गोष्ट साधारण एकाच साच्यातली असते. एकोणिसाव्या शतकात इथे जगाने कौतुक केलेली पाणीपुरवठा योजना होती, 1909 मध्ये ती बंद पडली, मग इथे मत्स्यालय झालं, पोहण्याचा तलाव झाला, आणि आता फिरायची जागा आणि माहिती केंद्र आहे. जुन्या कारखान्याला नवं आयुष्य मिळालं, छान झालं. यातली एकही ओळ खोटी नाही. तरीही रिसर्चची तयारी करणाऱ्या माणसाने ही गोष्ट आहे तशी स्वीकारू नये असं मला वाटतं, आणि या पोस्टमध्ये त्याचं कारण सांगायचं आहे. इथे 'कारखाना बंद झाला, म्हणून बाग झाली' असं घडलं नाही. बाग आधीपासून होती. इतकंच नाही, तर पुढे त्या बागेलाच पाणी शुद्ध ठेवण्याचं काम देण्यात आलं होतं. ते काम तिला जमलं नाही, आणि त्याची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली.

पण सुरुवात त्याच्याही आधीची आहे. 1793 मध्ये फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली. तेव्हा हे शहर देशाची राजधानी होतं. साधारण पन्नास हजार वस्तीतली पाच हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतरच्या वर्षांतही साथ परत परत आली. त्या काळच्या बऱ्याच डॉक्टरांचं मत असं, की रोग घाणीतून आणि कुजक्या हवेतून होतो. मग उपाय काय? भरपूर पाणी आणा, रस्ते धुवा. म्हणून बेंजामिन लॅट्रोब या इंजिनिअरने वाफेच्या इंजिनांवर चालणारी योजना आखली आणि 1801 मध्ये पाणी सुरू झालं. तिचा मुख्य पंप शहराच्या मधल्या चौकात होता. आज तिथे सिटी हॉल आहे. ती योजना लवकरच अपुरी पडली, म्हणून लॅट्रोबचाच सहकारी फ्रेडरिक ग्राफ याने फेअरमाउंटची योजना केली. ती 1815 मध्ये चालू झाली.

आता पिवळा ताप कशाने होतो हे तुम्हाला माहीत आहे. तो डासाने पसरतो, आणि डास तोच, एडिस इजिप्ती, जो आपल्याकडे डेंग्यू पसरवतो. हे प्रयोगाने नीट सिद्ध झालं 1900 च्या सुमारास, क्युबात. म्हणजे अमेरिकेतली ही गाजलेली पाणी योजना मुळात एका चुकीच्या गृहीतकावर उभी राहिली. शहराला नळाचं पाणी मिळालं हा फायदा खरा, पण ज्या रोगासाठी ते आणलं त्याचं कारण वेगळंच होतं. पुढच्या काही दशकांत तिथे पिवळ्या तापाच्या मोठ्या साथी विरळ होत गेल्या, आणि त्यामुळे 'पाहा, पाणी आणलं म्हणून ताप गेला' असं म्हणणं सोपं झालं. इथे थांबून विचार करा. नळ आल्याने घराघरातली पाण्याची पिंपं कमी झाली असतील, म्हणून डास कमी झाले असतील का? की बंदरात येणाऱ्या जहाजांवरचे निर्बंध बदलले? की आणखी काही? 'आधी हे झालं, मग ते झालं' यावरून कारण ठरवता येत नाही, हे आपण मेथडॉलॉजीच्या पेपरात पाठ करून लिहितो. इथे ते प्रत्यक्ष दिसतं.

1832 मध्ये कॉलरा आला तेव्हा तर हा विश्वास अजून पक्का झाला. न्यूयॉर्कमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, फिलाडेल्फियात हजाराच्या आत. न्यूयॉर्कला तेव्हा चांगली पाणी योजना नव्हती. श्रेय फेअरमाउंटला मिळालं. कदाचित ते बऱ्याच अंशी बरोबरही असेल, कारण कॉलरा खरोखरच पाण्यातून पसरतो. पण दोन शहरं, एक साथ, एक वर्ष, एवढ्यावर आज तुमचा गाईड तुम्हाला निष्कर्ष काढू देणार नाही.

कारखाना म्हणून मात्र ही जागा अफलातून होती, आणि यंत्रांत रस असणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी ती बघावी. सुरुवातीला इथे वाफेची इंजिनं होती. ती लाकूड फार खायची, बॉयलरचे स्फोटही झाले. मग ग्राफने नदीवर बांध घातला आणि 1822 पासून पाणचक्क्यांनी पंप चालू झाले. म्हणजे नदीच्या पडत्या पाण्याने चाक फिरायचं, चाकाने पंप चालायचा आणि त्याच नदीचं पाणी टेकडीवर चढायचं. वाफ सोडून पाणचक्की! आपल्याला तंत्रज्ञानाचा इतिहास नेहमी एकाच दिशेने शिकवला जातो: माणूस, बैल, पाणचक्की, वाफ, वीज. इथे शहर वाफेकडून पाणचक्कीकडे गेलं आणि त्यामुळे खर्च एकदम खाली आला.

पाणचक्कीलाही एक अडचण होती. बांधाच्या खालच्या बाजूला स्कूलकिलमध्ये भरती-ओहोटीचं पाणी येतं. भरतीला खालचं पाणी चढलं की चाकं त्यात अडकायची आणि पंप थांबायचे. म्हणून 1851 पासून इथे जोनवाल टर्बाइन बसवायला सुरुवात झाली. ही फ्रेंच रचना पाण्यात पूर्ण बुडालेली असली तरी फिरते, त्यामुळे भरती असो नसो, पंप चालू. ज्यांना फ्लुइड मेकॅनिक्स फक्त गणितं म्हणून भेटलं आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. डिझाइन बदलण्याचं कारण पुस्तकात नव्हतं, दिवसातून दोनदा नदीत येत होतं.

आणि हे सगळं लोकांना दाखवायला म्हणूनच बांधलं होतं. चाकं खाली, त्यांच्यावर फिरायची गच्ची, बाजूला बाग, कारंजी. वाफेची इंजिनं बंद झाल्यावर त्या इमारतीत पाहुण्यांसाठी खाण्यापिण्याची सोय झाली. 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स इथे आला आणि अमेरिकेतल्या बऱ्याच गोष्टींवर नाक मुरडणाऱ्या या लेखकाने या जागेची स्तुती केली. चाकघराच्या दारांवर विल्यम रश या शिल्पकाराने 1825 मध्ये केलेल्या दोन लाकडी मूर्ती होत्या: एक साखळदंडातली स्कूलकिल, दुसरी मुक्त स्कूलकिल. मूळ मूर्ती आता म्युझियमकडे आहेत. नदीला साखळदंड घातले हे त्या काळी अभिमानाने मिरवायचं दृश्य होतं. त्याच बांधाने शॅड माशांची समुद्रातून वर अंडी घालायला येण्याची वाट अडवली, ते कुठल्या मूर्तीत आलं नाही. पलीकडच्या काठाला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट केली गेली ती थेट 1970 च्या दशकात.

म्हणून म्हणते, 'कारखान्याचं रूपांतर विरंगुळ्याच्या जागेत झालं' हे वाक्य इथे चालत नाही. विरंगुळा मूळ आराखड्यातच होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शहर वाढलं तसे नदीकाठी कारखाने वाढले. आपल्या पाण्याच्या काठावर कारखाने येऊ नयेत म्हणून फिलाडेल्फियाने बांधाच्या वरच्या अंगाची जमीन घ्यायला सुरुवात केली. 1844 मध्ये लेमन हिल ही मालमत्ता शहराने विकत घेतली, 1855 मध्ये ती सार्वजनिक उद्यान म्हणून जाहीर झाली आणि 1867 मध्ये फेअरमाउंट पार्कसाठी आयोग नेमला गेला. पुढे हे उद्यान नदीच्या दोन्ही काठांनी कित्येक मैल पसरलं. आज तिथे लोक धावतात, सायकल चालवतात, बोटी वल्हवतात. त्यातल्या किती जणांना माहीत असेल की आपण एका जलशुद्धीकरणाच्या उपायावर धावतो आहोत?

कल्पना वाईट नव्हती. उगमाजवळचं पाणी जपा, म्हणजे पुढे शुद्ध करायची गरज कमी पडते. मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल. विहार आणि तुळशी हे तलाव आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत, आणि त्या जंगलाचा पाण्याला फायदा होतो. पण तिथे तलावांत उतरणारं पावसाचं पाणी मुख्यतः त्या जंगलातूनच येतं. स्कूलकिल सुमारे 210 किलोमीटर वाहून फेअरमाउंटला पोहोचते आणि तिचं पाणलोट क्षेत्र पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. वर कोळशाच्या खाणी, रेडिंगसारखी शहरं, आणि फिलाडेल्फियाच्याच हद्दीत, उद्यानाच्या जरा वर, मानायंकच्या कापड गिरण्या. एवढ्या नदीच्या शेवटच्या काही मैलांना झाडं लावून वरून येणारं सांडपाणी थांबणार कसं? आजार ज्या प्रमाणावर होता त्या प्रमाणावर उपाय नव्हता. पेपरमध्ये याला स्केलचा मेळ नसणं म्हणतात. आपल्याकडे याला वरून गळतंय आणि खाली पोतेरं फिरवतोय असं म्हणता येईल.

उद्यानाने दिसणारी घाण मात्र कमी केली. काठ स्वच्छ, झाडी दाट, पाणी शांत. टायफॉइडचा जंतू डोळ्यांना दिसत नाही. शतकाच्या शेवटापर्यंत फिलाडेल्फियात टायफॉइडने दरवर्षी शेकडो माणसं मरत होती, आणि ज्या नळांनी कॉलऱ्यात वाचवल्याचं श्रेय घेतलं होतं त्याच नळांतून हे पाणी घरोघर पोहोचत होतं.

तोवर उत्तर कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. टायफॉइडचा जंतू 1880 मध्ये ओळखला गेला होता. 1892 मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांहून जास्त माणसं मेली. त्याला अगदी चिकटून असलेलं आल्टोना हे गाव त्याच एल्बे नदीचं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या बाजूचं, म्हणजे जास्त घाण पाणी पीत होतं, तरी ते बऱ्यापैकी वाचलं. फरक एवढाच, की आल्टोना पाणी वाळूतून गाळून घेत होतं. रिसर्च करणाऱ्याने स्वप्नात बघावा असा हा नैसर्गिक प्रयोग: हवा तीच, नदी तीच, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन निकाल. वाळूची ही गाळणी नुसती चाळणी नसते. पाणी संथपणे सोडलं की वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांचा एक चिकट पापुद्रा तयार होतो आणि जंतू पकडण्याचं बरंचसं काम तोच करतो. फिलाडेल्फियात मात्र वर्षानुवर्षे वाद, खर्चाची घासाघीस आणि राजकारण चालू राहिलं. अखेर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गाळणी केंद्रं उभी राहिली, फेअरमाउंटचे पंप 1909 मध्ये थांबले आणि पुढे 1913 मध्ये क्लोरीन आलं.

फेअरमाउंट या जागेवर माझा आक्षेप इथे आहे. तिला वाईट म्हणायचं नाही. माहिती केंद्र शहराचं पाणी खातंच चालवतं, ते जुन्या चाकघरातच आहे, तिथे नदीतले शिंपले वाढवण्याचं कामही चालतं, आणि नदीत आज काय जातं याबद्दल ते केंद्र बोलतं. पण वास्तूचा स्वतःचा आवाज कुठल्याही माहितीफलकापेक्षा मोठा असतो. खांब, गच्ची, बांधावरून पडणारं पाणी हे सगळं एकच सांगतं की इथे काहीतरी मोठं यश मिळालं. टायफॉइडला या देखाव्यात जागा नाही, कारण त्याचा एकही अवशेष सुंदर नाही. आणि ज्या गाळण्यांनी खरोखर जीव वाचवले, डेलावेअर नदीवरच्या टॉरेसडेलसारख्या, तिथे हात वर करून फोटो काढायला कुणी जात नाही. जे टिकलं आणि देखणं आहे त्यावरून इतिहास लिहिला की अशी गल्लत होते. आपल्या डेटासेटमध्येही जे टिकलं तेच मोजलं जातं.

तुमच्यापैकी जे पर्यावरण विज्ञानात नदीकाठ सुधारणा किंवा सुशोभीकरण अशा विषयावर सिनॉप्सिस लिहीत आहेत, त्यांनी आपल्या प्रस्तावात कुठला आऊटकम मोजायचा ठरवला आहे ते एकदा काढून बघा. नागरिकांचं समाधान मोजलंत तर फेअरमाउंट पार्क 1870 मध्येही पास झालं असतं. विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, विष्ठेतले जंतू मोजलेत तर नापास. दोन्ही मोजणं योग्य आहे, पण पहिल्याचा निकाल दुसऱ्याच्या रकान्यात लिहिता येणार नाही. आणि उपाय मूळ उद्देशात फसला पण त्याचा दुसराच फायदा झाला, तर तसंच लिहायचं. व्हायवाच्या आधी उद्देश बदलून तो पहिल्यापासून हाच होता असं दाखवायचं नाही.

पण म्हणून 'बाग फसली, गाळणी जिंकली' अशी दुसरी सोपी गोष्टही लगेच घेऊ नका. डेव्हिड कटलर आणि ग्रँट मिलर यांचा 2005 चा एक पेपर खूप गाजला. फिलाडेल्फियासह अमेरिकेतल्या 13 शहरांचे 1900 ते 1936 चे आकडे घेऊन त्यांनी म्हटलं की या काळात एकूण मृत्युदर जितका घटला त्यातली जवळपास निम्मी घट स्वच्छ पाण्यामुळे. हा आकडा पुढे भाषणांत, अहवालांत, पाठ्यपुस्तकांत फिरत राहिला. मग मार्क अँडरसन, केर्विन चार्ल्स आणि डॅनियल रीस यांनी जुनी मृत्युनोंद पुन्हा उघडली, 25 शहरं घेतली, आणि त्यांना आधीच्या कामात आकडे उतरवून घेताना झालेल्या चुका सापडल्या. त्यांचा पेपर 2022 मध्ये आला. त्यांच्या हिशोबात पाणी गाळल्याने बालमृत्यू 11 ते 12 टक्क्यांनी घटले. हा परिणाम लहान नाही, पण एकूण मृत्युदराबद्दलचा आधीचा दावा त्यात टिकत नाही. लिटरेचर रिव्ह्यू करताना दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा. पहिला शिकवतो की वेगवेगळ्या वर्षी झालेल्या बदलांचा फायदा घेऊन कारण कसं शोधायचं. दुसरा शिकवतो की त्याआधी एक्सेलमधला रकाना मूळ छापील पानाशी ताडून बघायचा.

यातून एक काम अजून करण्यासारखं आहे, कुणाला रस असेल तर. फिलाडेल्फियाच्या सगळ्या भागांना गाळलेलं पाणी एकाच दिवशी मिळालं नाही. रॉक्सबरोला आधी, नदीच्या पश्चिमेकडच्या भागाला त्यानंतर, आणि टॉरेसडेलवर अवलंबून असलेल्या मोठ्या भागाला आणखी उशिरा. शहर एक, डॉक्टर आणि नोंदीची पद्धत एक, फक्त पाण्याची तारीख वेगळी. वॉर्डनिहाय टायफॉइडच्या नोंदी घेऊन ही तुलना शहरा-शहरांच्या तुलनेपेक्षा स्वच्छ होऊ शकते. अडचण सांगून ठेवते: माणूस राहतो एका वॉर्डात आणि कामाला जातो दुसऱ्या. घरी गाळलेलं पाणी पिणारा गिरणी कामगार दिवसभर गिरणीच्या नळाचं पाणी पीत असेल, तर तुमच्या टेबलात तो 'गाळलेल्या' गटात पडेल आणि परिणाम खऱ्यापेक्षा लहान दिसेल. म्हणून आधी लहान मुलांपासून सुरुवात करा. ती घरचंच पाणी पितात.